त्रेसष्ट घरांचा एकच कुटुंबप्रमुख

…नाही, पण त्रेसष्ट? एक वेळ दोन समजलो असतो, तीन समजलो असतो, माणूस चुकतो, मशीनही चुकतं, चालायचंच… पण त्रेसष्ट! त्रेसष्ट घरांत माझा बाप कुटुंबप्रमुख! आमचे अण्णा, दगा महारू बोरसे, वय चोपन्न, सुरतेत उधन्याच्या लूमच्या खात्यात एकतीस वर्षं मागावर उभे, पायात स्लीपर, डोक्याला टोपी, जन्मात कधी शेजारच्या गल्लीत कामाशिवाय पाऊल टाकलेलं नाही, आणि पुस्तकात बघावं तर नवागामला बायको, डिंडोलीला बायको, भेस्तानला तर अकरा! हसता काय? तुमच्या बापाचं नाव असं छापून आलं असतं म्हणजे कळलं असतं! आणि छापलं कुणी? मी! पोटच्या पोरानं! प्रोग्राम माझा, फ्लॉपी माझी, बोटं माझी… पण तुम्हाला शपथेवर सांगतो, मी त्या जागी काहीच दिलं नव्हतं हो. कोरी होती जागा! अरे, जागा रिकामी आहे ना? मग रिकामी राहू दे! तुला कुणी सांगितलं होतं भरायला?

थांबा, असं मधूनच सांगून तुम्हाला कळायचं नाही. त्याचं असं झालं, की आमच्या इथल्या खानदेशी मंडळाचे अध्यक्ष रामदास आप्पा, त्यांना यंदा, म्हणजे सत्त्याण्णव उजाडलं आणि त्यांना पुस्तक काढायची हुक्की आली. मला गाठलं. खांद्यावर हात. आप्पांचा हात खांद्यावर पडला की समजायचं, आपले पंधरा दिवस गेले. "भूपेन, ही गुजराथी मंडळी बघ, त्यांच्या समाजाची कशी चकचकीत पुस्तकं निघतात, घराघराची नोंद, गाव कुठलं, घरात माणसं किती. आपलं का नको रे? आणि तू तर आपला कॉम्प्युटरवाला!" आता मी कॉम्प्युटरवाला म्हणजे काय, तर पंडित सरांच्या क्लासमध्ये पोरांना क्लिपर शिकवतो. क्लिपर म्हणजे केसांची नव्हे हो, प्रोग्राम लिहायची भाषा. एसीची खोली, बाहेर चपला काढायच्या, आत देवासारखा एक तीनशे शहाऐंशीचा कॉम्प्युटर, आणि त्याच्यावर मखमलीचं झाकण. मी म्हटलं, "आप्पा, करतो की." एवढंच बोललो. हे एवढं बोललो नसतो तर आज तुमच्यासमोर असा घसा फोडत बसलो नसतो.

तर घरोघर जाऊन फॉर्म भरायचं काम माझ्या बहिणीनं घेतलं, उज्ज्वलानं. चारशे बारा घरं! पोरगी उन्हातान्हाची हिंडली. आता आमच्याकडे दिवसा घरात असतं कोण? गडीमाणसं बारा-बारा तास लूमवर, पोरं शाळेत नाहीतर उंडारायला, दाराशी येणार ती बाई. आणि फॉर्मवर पहिलाच प्रश्न, कुटुंबप्रमुखाचं नाव! म्हणजे नवऱ्याचं नाव! आणि आमच्या बाया नवऱ्याचं नाव घेतील? जीव देतील, नाव घेणार नाहीत!

"बाई, घरातल्या मुख्य माणसाचं नाव सांगा."

"तेच."

"तेच कोण?"

"अवं तेच, लूमवर जातस ते."

"बाई, लूमवर सगळेच जातात!"

"टोपी घालतस ते. ती देख दोरीवर पँट, ती त्यासनीच शे."

आता पँटीवर नाव असतं का? बरं, शेजारणीला विचारावं, तर शेजारीण पदर पुढे ओढून म्हणते, "मना जेठ लागतस ते, मी बी नाव कसं लेऊ माय?" झालं! जेठ म्हणजे थोरला दीर, त्याचंही नाव घ्यायचं नाही! ज्या घरी पोरंबाळं भेटली त्यांनी बापाची नावं सांगितली, तीनशे एकोणपन्नास घरांचं काम झालं, आणि राहिली त्रेसष्ट. उज्ज्वला म्हणाली, "दादा, एवढ्या जागा कोऱ्या ठेवल्यात, रविवारी माणसांना विचारून भरू." मी म्हटलं, भरू. आणि विसरलो. विसरलो म्हणजे… हो, विसरलो! काय फाशी देता?

पण मी विसरलो म्हणून काय झालं, जागा तर कोरी होती ना? आता ती भरली कशी, हे तुम्हाला समजावून सांगतो. प्रोग्रामात फंक्शन असतं. फंक्शन म्हणजे पिठाची गिरणी. वरून दाणे ओता, खालून पीठ घ्या. माझ्या गिरणीत वरून बाईचं नाव, नवऱ्याचं नाव आणि गाव ओतायचं, खालून पुस्तकातली एक छापील ओळ निघायची. सोपं काम. पण वरून नवराच टाकला नाही तर? शहाणी गिरणी काय करील? नुसती फिरेल! पण आमचे पंडित सर, चष्मा नाकावर आणून म्हणाले, "बोरसे, रिकामी किंमत आली तर प्रोग्राम अडकेल. डिफॉल्ट देऊन ठेव. म्हणजे बाहेरून काही मिळालं नाही, तर त्यानं घरचं वापरावं." घरचं वापरावं! मी वापरलं घरचं! तपासायपुरतं म्हणून टाकलं, 'दगा महारू बोरसे', म्हटलं छपाईच्या आधी काढू. आणि काढायला विसरलो. परत विसरलो, हो, परत! तर प्रत्येक कोऱ्या जागेवर गिरणी आपली ओतते आहे आमचे अण्णा… दगा, दगा, दगा… अरे, जागा रिकामी आहे ना? मग रिकामी राहू दे! आमच्या बापालाच का राबवतोस? तिकडे लूमवाला राबवतोय तेवढं पुरे नाही का?

तुम्ही म्हणाल, तपासलं नाहीस का रे बाबा? तपासलं ना! पहिलं पान काढलं, पहिली ओळ वाचली. पहिलंच घर आमचं. 'मंगलाबाई, कुटुंबप्रमुख दगा महारू बोरसे.' बरोबर! शंभर टक्के बरोबर! चूक आणि खरं एकमेकांसारखंच दिसायला लागलं तर माणसानं ओळखायचं कसं?

पुस्तकं छापून आली. रविवारी डिंडोलीच्या हॉलमध्ये प्रकाशन. आप्पांनी नारळ फोडला, भाषण केलं, भाषणात माझं नाव घेतलं, टाळ्या पडल्या… तेवढ्याच काय त्या टाळ्या. मग पुस्तकं वाटली, आणि पुस्तक हातात आल्यावर माणूस पहिलं काय बघतो? स्वतःचं नाव! नुसता पानं उलटल्याचा आवाज. आणि मग मागून एक जण उठला, हा एवढा दांडगा गडी, आणि म्हणाला, "ए भाऊ, बारा-बारा तास माग मी चालवू, आणि घराचा मुख्य तुझा बाप?" मग दुसरा उठला. मग तिसरा. मग मी मोजायचं सोडून दिलं. बोरसे कोण, देसले कोण, शिंपी कोण, काही फरकच नाही, सगळ्यांना आम्ही पदरात घेतलेलं! आणि अण्णा? अण्णा पहिल्या रांगेत बसून सगळ्यांकडे बघून हसत होते. त्यांना वाटलं पोराचं कौतुक चाललंय.

का वाटलं सांगतो, हे नीट ऐका, सगळी गंमत, कसली गंमत, सगळी मेख इथे आहे. एकतीस वर्षं अठ्ठेचाळीस लूमच्या मध्ये उभं राहून अण्णांचे कान गेलेत. शेठनं कधी कानात घालायला कापसाचा बोळा दिला नाही, आणि यांनी कधी मागितला नाही. मला या गोष्टीचा एवढा राग येतो ना… जाऊ दे. तर काय झालं, कान गेले, पण माणसांत तर राहायचंय. मग अण्णांनी एक सवय लावून घेतली. समोरच्याचे ओठ हलून थांबले, की म्हणायचं, "हां." ऐकू येवो न येवो, "हां." चहा घेणार? "हां." पाऊस येईल का? "हां." शेठ मेला म्हणतात! "हां." कधी जास्तच वेळ ओठ हलले तर, "हां, चाली जाई." चालून जाईल, म्हणजे. घरात सगळ्यांना वाटायचं, किती शांत माणूस, कशाला म्हणून नाही म्हणत नाही!

हॉलमधल्या गोंधळाला मी एक वेळ पुरून उरलो असतो. मग उठल्या अनुसयाबाई. अनुसयाबाई देसले म्हणजे आमच्या होणाऱ्या विहीणबाई. त्यांचा हेमराज आणि आमची उज्ज्वला, बोलणी झालेली, पोराला पोरगी पसंत, पोरीला पोरगा पसंत, कधी नव्हे ते पत्रिकेलाही दोघं पसंत, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साखरपुडा ठरलेला. पुरते सतरा दिवस राहिलेले. आणि त्या बाईनं पुस्तक उंच धरलं आणि अख्ख्या हॉलला ओरडून विचारलं, "मी कोनी बायको शे?"

आता त्यांचे यजमान हिलालराव शेजारीच बसलेले. पण नाव कसं घेणार? नाव घेत नाहीत म्हणूनच तर जागा कोरी राहिली होती, आणि होणाऱ्या सासऱ्याचं नाव उज्ज्वला तरी कशी लिहिणार! म्हणजे चूक त्यांचीसुद्धा आहे, पण हे मी तिथे बोललो नाही, एवढी अक्कल मला होती. बाईंनी ओळीवर बोट ठेवलं. अनुसयाबाई, कुटुंबप्रमुख दगा महारू बोरसे, मुलगा हेमराज. "म्हणजे हेमराजचा बाप कोण? आणि उज्ज्वलाचा बाप कोण? भाऊ-बहिणीचं लगीन लावता का रे आखाजीच्या दिवशी?" हॉलमध्ये दोन-चार लोक हसले. उज्ज्वला कोपऱ्यात उभी होती, ती नाही हसली. ती माझ्याकडे बघत होती. उन्हातान्हात चारशे बारा घरं हिंडलेली पोरगी, पायाला फोड आलेले, आणि तिच्याच साखरपुड्यावर तिच्या दादानं पाणी ओतलेलं. अनुसयाबाई म्हणाल्या, "पुस्तक नीट छापा, मग साखरपुडा. नाहीतर नाही!" आणि निघून गेल्या. हिलालराव मागे मागे. त्यांना तर कुणी काही विचारलंच नाही, बिचारे.

तुम्हाला वाटेल, एवढ्यावर भागलं. घरी गेलो तर आई पुस्तक घेऊन ओट्याजवळ बसलेली. चौथी शिकलीय, बोट ठेवून ठेवून वाचते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. मी म्हणत होतो, "आई, चूक झाली गं, कॉम्प्युटरची चूक." कॉम्प्युटरची! मी पण कसला ढोंगी! तिनं मला हातानं गप्प केलं, उठली, अण्णांसमोर जाऊन उभी राहिली.

"काहो, या बठ्ठ्या बाया तुमन्या शेतस का?"

ओठ हलले. ओठ थांबले.

"हां," अण्णा म्हणाले.

"त्रेसट?"

"हां."

"आन् मी कितव्या नंबरनी?"

"हां, चाली जाई."

मी मध्ये पडलो, ओरडलो, "अण्णा, नाही म्हणा, नाही म्हणा!" तर माझ्याकडे वळून म्हणतात, "हां!" आई म्हणाली, "मी चालनी भाऊकडे," पिशवीत दोन लुगडी कोंबली आणि भेस्तानला मामाकडे निघून गेली. सगळ्या बाया आखाजीला माहेरी जातात, आमची आई सतरा दिवस आधीच गेली! उज्ज्वला दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "दादा, आई नसली तर माझी ओटी कोण भरेल?" चप्पल घालून सरळ क्लासवर गेलो.

आता राग कोणावर काढायचा? कॉम्प्युटरवरचं मखमली झाकण असं फेकलं! दोनशे ओळींच्या प्रोग्रामात ती एक ओळ शोधली. बसली होती ऐटीत, 'काही न मिळाल्यास दगा महारू बोरसे.' उडवली! जागा रिकामी, तर रिकामी! चालवला प्रोग्राम. पहिलं घर छापलं, दुसरं छापलं, सातव्या घराला नवरा नव्हता, आणि प्रिंटरनं एक किंकाळी फोडली आणि मुडद्यासारखा पडला. कोरी किंमत त्याला सोसत नाही म्हणे! अरे, आमच्या बायांना नाव सोसत नाही, तुला कोरं सोसत नाही, मी मधल्या मध्ये जाऊ कुठे?

पंडित सर आले. बूट बाहेर काढून, मोज्यांवर, आवाज न करता. "काय बोरसे, मी सांगितलं नव्हतं?" लोकांचा संसार पेटलेला असताना असं बोलणारी माणसं मला… जाऊ दे. म्हणाले, "डिफॉल्टला ठरावीक नाव देऊ नकोस. फंक्शनला सांग, मागच्या खेपेला जी किंमत आली ती धरून ठेव. काही मिळालं नाही तर तीच वापर. अडकणार नाही." मला पटलं. रागाच्या भरात माणसाला काहीही पटतं. केलं तसं. चालवलं. सर्रर्र! चारशे बारा घरं, कुठे अडकलं नाही, कुठे किंकाळी नाही, आणि मी कागद वर-खाली बघितला, एकाही चुकीच्या ठिकाणी दगा नाही! नाचलो, सांगतो तुम्हाला! तसाच कागदाचा तो लांबलचक पट्टा काखेत मारून आप्पांच्या घरी गेलो.

आप्पांनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग हळूच म्हणाले, "भूपेन, माझी बायको माझ्या भाडेकरूच्या नावावर का आहे?"

बघितलं तर… गिरणीत काय होतं, आधीच्या बाईनं बाजरी दळलेली असते, आणि आपण डबा रिकामाच ठेवला, तरी खालून तिच्या बाजरीचं पीठ सांडतं की नाही? तसं झालं! ज्या घरचा नवरा कोरा, त्या घरी गिरणी आदल्या ओळीतला नवरा ओततेय! आदली ओळ म्हणजे शेजार! त्रेसष्ट बायका आधी निदान एका सभ्य माणसाच्या नावावर होत्या, आता जिची ती आपल्या शेजाऱ्याच्या नावावर! आणि अनुसयाबाई? अनुसयाबाई सखाराम शिंप्याच्या नावावर! ज्या सखारामशी त्यांची नळावरून सहा वर्षं भांडणं चालली आहेत, तो सखाराम! आप्पा म्हणाले, "हे छापलंस ना भूपेन, तर मला सुरत सोडावी लागेल आणि तुला हे जग." आणि मी त्यांच्या अंगणात उभा राहून त्या पट्ट्यावर ओरडलो, अरे, जागा रिकामी आहे ना? मग रिकामी राहू दे! लोकांचे नवरे काय उसने आणतोस!

घरी येऊन उज्ज्वलाला सांगितलं. मला वाटलं रडेल. पोरगी शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "दादा, मशीनला शिव्या देऊन काय होणार? त्याला खरं नाव दे, मग ते कशाला खोटं घेईल?"

"अगं, पण गडी आता मला दारात उभं करत नाहीत, आणि बाया नाव घेतात का?"

"घेतात की. उखाण्यात घेतात."

तुम्हाला सांगतो, पंडित सरांच्या क्लासमध्ये तीन वर्षं जे कुणाला सुचलं नाही, ते या पोरीला घड्या घालता घालता सुचलं! मग काय, वही-पेन घेऊन दुसऱ्या दिवसापासून आम्ही भाऊ-बहीण त्रेसष्ट घरांच्या पायऱ्या चढलो. आणि उखाणा म्हणजे असा उभ्या उभ्या मिळतो का? आधी हळदीकुंकू पाहिजे, मग चार शेजारणी पाहिजेत, मग 'मी नाही घेत बाई', मग 'घे ना, घे ना', मग लाजायचं, मग पदर तोंडात, मग कुठे दोन ओळी, आणि त्या दोन ओळींच्या कुठल्या तरी फटीत लपलेला नवरा! मी आपला पेन रोखून, आला का, आला का… काही बायांनी चार-चार घेतले, थांबेचनात, वर्षानुवर्षांचं तुंबलेलं! नऊ दिवसांत त्रेसष्ट उखाणे आणि त्रेसष्ट चहा. माझी पित्ताची तक्रार तेव्हापासूनची.

अनुसयाबाईंकडे मुद्दाम शेवटी गेलो. त्यांनी दार पूर्ण उघडलं, सखारामच्या घराकडे तोंड केलं, आणि नळावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नळाला आलं पाणी, हंडा भरला काठोकाठ, हिलालरावांचं नाव घेते, सखारामनी सोडावी वाट!" लिहून घेतलं. हिलालराव आतून म्हणाले, "वा!" बहुतेक पुस्तक सुरू झाल्यापासून पहिल्यांदा बोलले.

आणि मग मी प्रोग्राम बदलला. डिफॉल्टच नाही! घरचं नाही, मागचं नाही, शेजारचं नाही. कोरं आलं की थांब, घंटी वाजव, माणसाला विचार. पंडित सर म्हणाले, "अशानं वेळ लागेल बोरसे." मी म्हटलं, लागू दे! चारशे बारा घरं, एक ना एक नवरा जिथल्या तिथे. पुस्तक पुन्हा छापलं. प्रेसवाला भाई पहिल्या पुस्तकांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवून विचारतो, "भूपेनभाई, आ जूनी चोपडीनुं शुं करवुं?" मी म्हटलं, जाळा!

आणि आखाजीला पाच दिवस राहिले असताना नवं पुस्तक घेऊन मी भेस्तानला गेलो. वाटलं, आई पुस्तक बघेल, हसेल, पिशवी उचलेल. तिनं पुस्तक उघडलंसुद्धा नाही. म्हणाली, "पुस्तक राहू दे. पुस्तक चुकस. त्या 'हां' म्हनेत त्यानं काय?"

मी म्हटलं, "आई, त्यांना ऐकूच आलं नव्हतं गं! त्यांना ऐकू आलं नाही की 'हां' आपोआप येतं. ते डिफॉल्ट आहे."

कशाला बोललो? सांगा, कशाला बोललो मी? सगळीकडची कोरी जागा कोरी ठेवायला शिकलो, आणि माझं तोंड कोरं ठेवता आलं नाही!

आईनं न उघडलेलं पुस्तक माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाली, "आपोआप? मंग इतला वरीस मी जे जे इचारं, ते बी आपोआप? भाजी चांगली व्हयनी का? हां. पोरीले शाळामा टाकूत का? हां. मन्हावर राग नही ना? हां…" आणि थांबली. मला वाटलं आत्ता रडेल. रडली नाही. डोळे मोठे करून त्या एकेका 'हां'कडे मागे वळून बघत बसली होती. तीस वर्षांचा संसार, आणि त्यातलं किती अण्णांनी ऐकून म्हटलं आणि किती नुसतंच आलं, कोण सांगणार? मी, प्रोग्रामर? मला त्या लूमवाल्याचा, त्या कानांचा, त्या 'हां'चा, माझा स्वतःचा एवढा संताप आला, आणि काही करता येईना. आई शेवटी म्हणाली, "पोरीसाठी येसू. पन त्यासनासंगे बोलाव नही."

आली. आखाजीच्या दिवशी आली, सांजोऱ्या केल्या, पाहुण्यांचं सगळं केलं, अण्णांचा चहा मात्र माझ्या हाती पाठवला, त्यांच्याशी एक शब्द नाही. आणि अण्णा आपले प्रत्येकाला "हां, हां" करत नवी टोपी घालून बसलेले. अनुसयाबाई आल्या. नवं पुस्तक पिशवीतून काढलं, स्वतःच्या ओळीवर बोट ठेवून हिलालराव जागेवर आहेत की नाही बघून घेतले. मला वाटलं, सुटलो! उज्ज्वला पाटावर बसली, हेमराजची मान खाली, आणि तेवढ्यात बाई म्हणाल्या, "पुस्तक आज एक सांगस, सकाय दुसरं सांगी. विहीणबाईनी सोता नाव लेवाले जोयजे. मंग ओटी."

सगळं घर आईकडे बघायला लागलं. आई गप्प. मी तुम्हाला सांगतो, मला त्या क्षणी प्रोग्राममध्ये घंटी वाजते तशी घंटी ऐकू येत होती, जागा कोरी, जागा कोरी… उज्ज्वलानं मान वर केली. नुसतं आईकडे बघितलं. आणि आई उठली. पदर खोचला. रागानं लाल झालेली. लाजणं नाही, पदर तोंडात नाही, काही नाही, अण्णांच्या दिशेनं तोंड केलं आणि भांडल्यासारखी म्हणाली,

"लूमच्या धडधडीत गेले दोन्ही कान,
दगारावांचं नाव घेते, आता तरी द्या ध्यान!"

सगळे ओरडले, अनुसयाबाई हसल्या, हो, हसल्या, उज्ज्वलाची ओटी भरली गेली, हेमराजनं सुटकेचा श्वास सोडला तो मला पाच फुटांवरून ऐकू आला. पण मी बघत होतो अण्णांकडे. कारण त्या सगळ्या गलक्यात, कुणी काही विचारलेलं नसताना, अण्णा आईकडे बघून हळूच म्हणाले, "हां."

आईनंही ते ऐकलं. तिनं मान वळवली, आणि मग, इतक्या दिवसांनी, सांजोरीचं ताट उचलून स्वतःच्या हातानं त्यांच्यासमोर ठेवलं.

आता मला सांगा, हे 'हां' ऐकून दिलेलं, का ओठ थांबले म्हणून आपोआप आलेलं? तुम्ही म्हणाल, सोड ना बाबा, साखरपुडा झाला, आई घरी आली, आता तरी जागा रिकामी राहू दे! बरोबर आहे तुमचं. पण मी पडलो प्रोग्रामर, मला खाज! गेलो, त्यांच्या कानाला तोंड लावलं, आणि अख्ख्या नवागामला ऐकू जाईल असा ओरडलो, "अण्णा, आईनं तुमचं नाव घेतलं. ऐकलंत का?"

अण्णांनी माझे ओठ थांबू दिले, सांजोरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले…

"हां."

घ्या! काढा आता यातली चूक!